वारा घेतलेले इंजिन

रावेतला राहणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाची स्थिती लग्नघरातल्या दूरच्या काकांसारखी असते. मान सगळे देतात, कामाचे कोणी विचारीत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पंप राहतात, खाली गिअर, समोरच्या दारात स्प्रिंगा. म्हणजे त्या त्या कारखान्यांतले इंजिनियर! संध्याकाळी पवनेच्या बंधाऱ्याकडे फिरायला निघालो की मी आपला श्रोता. अशा माणसाने डिझेल इंजिनावर लिहावे, याचे मंडळींना हसू येईल. पण माझी शिकवणी कारखान्यात झालीच नाही. ती झाली भर समुद्रात.

तीनेक वर्षांपूर्वी ऐन मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. अर्धी वाट सरली आणि इंजिन दमेकऱ्यासारखे खोकू लागले. मग थांबले. इंजिन थांबल्यावर समुद्र केवढा मोठा आहे ते कळते. शेजारच्या आजीबाई एकच शब्द पुटपुटल्या, "रामदास." १७ जुलै १९४७ रोजी याच वाटेवर 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. माझ्या धाकटीने माझे बोट घट्ट धरले.

तांडेलाने आधी नांगर टाकला. मग खाली उतरून फडक्याने एकेक नळी पुसली.

"तेल गळतंय का हो?" मी विचारले.

"गळत नाय, साहेब. वारा घेतंय."

टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत तेल ओढले जाते. तिथला सांधा सैल झाला की बाहेर कधी थेंबही दिसत नाही. उलट हवा आत शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून नळीत हवा शिरली की तेलाचा फवारा उडत नाही आणि इंजिन बसते. पंपापासून फवाऱ्याकडे जाणारी नळी मात्र निराळी. तिथला दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट. तिला बारीक चीर पडली तर धार कातडीतून आत शिरते, आणि तापल्या इंजिनावर उडाली तर पेट घेते. "तिला हात लावून बघायचं नाय, चिंधी बांधायची नाय. ती बदलायचीच," तांडेल म्हणाला.

आमचा दोष निघाला पंपाच्या तोंडाशी. तिथला तांब्याचा वॉशर वर्षानुवर्षे दाबला जाऊन कडक झाला होता. नवा जवळ नव्हता. तांडेल तो घेऊन तेलापासून दूर, वर आला. चहाच्या स्टोव्हवर पकडीत धरून त्याने तो लाल केला आणि पाण्यात बुडवला.

तलवारीला पाणी देतात ते मी पुस्तकात वाचलेले. म्हटले, "आता हा आणखी कडक होईल ना?"

"ते पोलादाचं. तांबं उलटं, मऊ होतंय."

वॉशर घासून बसवला. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तो हातपंप दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, शेवटी निखळ डिझेल. स्क्रू आवळला. इंजिन धडधडले आणि आजीबाईंनी हात जोडले, समुद्राला की तांडेलाला, कोण जाणे.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली हे इंजिन यशस्वी करून दाखवले आणि १९१३ साली बोटीने जाताना तो समुद्रातच नाहीसा झाला. तांडेलाने त्याचे नावही ऐकले नव्हते. विद्या चुलत्याकडून आलेली.

"आता मुलगा शिकतोय का?" मी विचारले.

"तो चाकणला कंपनीत हाय. तिथं वॉशर तापवत नायत, नवाच घालतात."

म्हणजे त्याचा मुलगा माझ्याच मुलुखात! कारखान्याचे बरोबरच आहे. पगार वेळेवर, घरचे निर्धास्त. त्याला परत ये म्हणण्याचा अधिकार कोणाला? पण रेवसचा धक्का दिसू लागला तेव्हा लाँचमधल्या त्या सगळ्या माणसांकडे पाहून मनात आले, ही तापवलेल्या वॉशरची गोष्ट पुढच्या तांडेलाला कोण सांगणार?