मीटर ब्रिजची तार

कशेळे आणि आसपासच्या वाड्यांतून दहावी पास झालेला मुलगा अकरावी सायन्सला गेला, की घरच्यांना तो निम्मा इंजिनिअर झाल्यासारखाच वाटायचा. आमच्या वेळी सायन्स म्हणजे सकाळची कर्जतची एसटी. ती चुकली तर पहिला तास बुडालाच म्हणून समजा. बारावीनंतर बीएस्सी करायची असेल तर लोकल धरून उल्हासनगरचं चांदीबाई कॉलेज गाठायचं, नाहीतर कल्याणचं बिर्ला. आज त्याच रस्त्याने मुली स्कूटीवर बसून क्लासला जातात आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी येतात. हे बघितलं की बरं वाटतं. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलींचं शिक्षण केवळ शेवटच्या एसटीच्या वेळेमुळे थांबलं होतं.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं भौतिकशास्त्र अकरावीत एकदम इंग्रजीत सुरू व्हायचं. सर फळा भरत, आम्ही वही भरत असू. काय लिहितोय ते दिवाळीच्या सुमारास कळायला लागे, आणि तोवर काही हुशार पोरं आर्ट्सला निघून गेलेली असत. त्यांना फिजिक्स जड गेलं नव्हतं, भाषा जड गेली होती. आता सेमी-इंग्रजीमुळे मुलं शाळेतच त्या शब्दांना सरावतात. 2019 मध्ये अकरावीचं आणि 2020 मध्ये बारावीचं नवं पुस्तक आलं, त्यात क्यूआर कोड आहेत. मोबाइल धरला की पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. आमच्या वेळी धडा समजला नाही तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी उभं राहावं लागे, आणि तेवढं धाडस वर्गातल्या दोघातिघांनाच होई.

तरीही प्रॅक्टिकलची आठवण आली की जीव हळहळतो.

लाकडी पाटावर ताणून बसवलेली एक मीटर लांबीची तार, तिच्या कडेने पट्टी, आणि डाव्या-उजव्या अंगाला पितळी पट्ट्यांमधल्या दोन फटी. एका फटीत रेझिस्टन्स बॉक्स, दुसरीत ज्याचा रोध काढायचा ती गुंडाळी. आमच्याकडच्या पावसात सगळ्या वायरींच्या टोकांवर हिरवट थर चढलेला असायचा. त्यामुळे प्रयोगाची सुरुवात पॉलिश पेपरने व्हायची. टोकं तांबूस चकचकीत होईपर्यंत घासायची, स्क्रू आवळायचे, बॉक्समधल्या पितळी चाव्या पिळून घट्ट बसवायच्या. एक चावी सैल राहिली तर सगळं गणित बिघडे. कपाटातून लेक्लांशे सेलची काचेची बरणी निघे. तिच्यात नवसागराचं पाणी ओतायचं आणि सच्छिद्र भांडं भिजेपर्यंत थांबायचं. मग जॉकी हातात घेऊन आधी तारेच्या या टोकाला टेकवायची, मग त्या टोकाला. गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन्हीकडे उलटसुलट वळला तर जोडणी बरोबर. त्यानंतर जॉकी तारेवर घासत न्यायची नाही, उचलून उचलून टेकवायची, असा सरांचा दम असे. घासली की तार झिजते, आणि झिजलेली तार पुढच्या बॅचला खोटं रीडिंग देते. काटा डावीकडे, काटा उजवीकडे, आणि मग एका जागी तो हलतच नाही. तो शून्यावर थांबला की आम्ही चौघं श्वास रोखून पट्टीवर वाकत असू.

सोनोमीटरचंही तसंच. तारेवर कागदाचा इवलासा रायडर बसवायचा, कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क पेटीवर टेकवायचा आणि खालचे दोन ब्रिज सरकवत राहायचं. लांबी जुळली की रायडर थरथरायचा आणि उडून पडायचा. अनुनाद म्हणजे काय, हे नंतर कुठल्याही व्याख्येने आम्हाला तितकं पटवलं नाही.

आता खरं तेही सांगितलं पाहिजे. हे सगळं चौघापाचांत एका सेटवर चालायचं. जॉकी मुलाच्या हातात, वही मुलीच्या हातात. कित्येक मुलींनी दोन वर्षांत रीडिंग लिहिली, घेतली मात्र एकही नाही, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोडियमचा दिवा लालसर पेटून पिवळा होईस्तोवर लाइट जायची. भिंगांवर बुरशी, टाचण्यांवर गंज. रीडिंग जुळलं नाही की उत्तर आधी धरायचं आणि आकडे मागून बसवायचे, ही विद्या सीनियरांकडून ज्युनियरांकडे फिजिक्सपेक्षा जास्त चोखपणे पोहोचत होती. सर्टिफाइड जर्नलवर सही मिळे, व्हायवाला पाठ केलेली उत्तरं चालून जात. त्या प्रयोगशाळेने आम्हा सगळ्यांना वैज्ञानिक दृष्टी दिली, असं मी म्हणणार नाही. ज्या थोड्यांना दिली, त्यांना मात्र ती त्या तारेनेच दिली.

आजच्या मुलाकडे काय नाही? कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल विजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने 2002 मध्ये सुरू केलेली 'फेट' सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. पडद्यावर सर्किट जोडा, बल्ब लागतो, चुकलं तर काहीही जळत नाही. मुलीला जॉकी मागावी लागत नाही. खिशातल्या मोबाइलमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर आहे, तसला आमच्या वेळी विद्यापीठाकडेही होता की नाही कोण जाणे. पण पडद्यावरच्या तारेला हिरवा थर चढत नाही आणि तिची चावी कधी सैल राहत नाही. उत्तर चुकलं तर चूक आपल्या हाताची, वायरची की समजुतीची, हे शोधण्यात आमची दुपार जायची. ती दुपार आता कोणाकडे उरलेली नाही.

ती गेली कुठे, हेही उघड आहे. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. आम्हाला एक शून्य बिंदू शोधायला दोन तास लागत. बारावीत प्रॅक्टिकलचे 30 गुण आजही आहेत, कॅल्क्युलेटर बोर्डाच्या परीक्षेत आजही चालत नाही, लॉग टेबल आजही वापरावं लागतं. कागदावर फारसं काही बदललेलं नाही. मुलं मात्र अकरावीची दोन सत्रं क्लासमध्ये काढतात आणि प्रयोगशाळेचं दार परीक्षेच्या तोंडावर पाहतात. त्यांना दोष कसा द्यावा? आमचे प्रवेश बारावीच्या मार्कांवर झाले, त्यांचे सीईटीवर होतात. त्यांच्या जागी असतो तर आम्हीही तेच केलं असतं.

एक गोष्ट तेव्हाही झाली नाही आणि आताही होत नाही, तिचं दुःख वेगळं आहे. आमच्या तालुक्याच्या अंगणातच फिजिक्स उभं आहे. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 पासून चालतं आहे, भिवपुरीचं 1922 पासून. घाटमाथ्यावरचं पाणी पाइपातून पाचशेएक मीटर खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. एक किलो पाणी एवढं उतरलं की सुमारे 4900 ज्यूल ऊर्जा देतं, हे गणित अकरावीतल्या मुलाला तोंडी यायला हवं. भिवपुरीतून सुटलेल्या त्याच पाण्यावर पेज नदी उन्हाळ्यात वाहते आणि राजनाल्याच्या काठी उन्हाळी भात उभं राहतं. वीज मुंबईला गेली, आमच्याकडे भरप्रॅक्टिकलला लाइट गेली. तरी लेक्लांशे सेलवर मीटर ब्रिज चालूच राहायचा. आता टेबलावर बॅटरी एलिमिनेटर आहे, लाइट गेली की प्रयोग थांबतो. कर्जत स्टेशनात घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, कारण बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे. उतरत्या प्रतलाचं याहून चांगलं उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळेल? आम्ही त्या फलाटावर रोज उभे असायचो, आणि पुस्तकातल्या लाकडी ठोकळ्याची आकृती पाठ करत असायचो.

कर्जत-खालापुरातल्या पालकांना म्हणूनच एक विनंती आहे. क्लासची फी भरा, ती भरावीच लागते. पण कॉलेजात जाऊन एकदा विचारा, की आमच्या मुलीचं प्रॅक्टिकल आठवड्यातून कोणत्या दिवशी असतं, आणि त्या दिवशी यंत्र तिच्या हातात असतं की नाही.