अंडी कुणाच्या पोटात?

लहान मुलांना पक्षी दाखवायला नेलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "यातली आई कोण आणि बाबा कोण?" मी पक्ष्यांचा अभ्यासक. पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर तळ्याकाठी हिंडणं हा माझ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग. बरोबरची मोठी माणसं या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकतात : मोठा, रंगीत, शिंगवाला तो बाबा, साधी, पिल्लं सांभाळणारी ती आई. मोर-लांडोर आणि सिंह-सिंहीण त्यांच्या मदतीला असतातच. पण मुलांना हे उत्तर देणं मला पटत नाही. ते तळ्यावरच खोटं ठरतं.

तिथे कमळपक्षी असतो, लांबलचक बोटांनी पानांवरून चालणारा. नर-मादीचे रंग सारखेच, पण मादी अंगानं मोठी. ती चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं राखायची ती नरानं. त्याचा भाऊबंद कांस्यपंखी कमळपक्षी तर धोका दिसला की पिल्लांना पंखांखाली दाबून उचलून नेतो. काठच्या चिखलात रंगीत पाणलावा असतो. त्याच्यात मादीची मान गडद तांबूस, देखणी. नर फिकट, ठिपक्याठिपक्यांचा. कारण अंड्यांवर बसतो तो नर, आणि जमिनीवर बसणाऱ्यानं गवतात दिसेनासं झालेलं बरं. हे कारण सहा वर्षांच्या मुलीलाही पटतं. मग ती मला पिसांचे रंग विचारत नाही, "अंड्यांवर कोण बसतं?" असं विचारते. लांडोर मातकट का, हेही तिचं तिलाच उमगतं.

सुगरणीचं घरटं तर मी हटकून दाखवतो. ते विणणारा नर असतो. पावसाळ्यात त्याचं डोकं नि छाती पिवळीधमक होते, आणि विहिरीवर झुकलेल्या फांदीला किंवा माडाच्या झावळीला तो गवताच्या, पात्यांच्या चिरफळ्या गुंफू लागतो. घरटं अर्धं झालं की माद्या येऊन आतून तपासतात. पसंत पडलं नाही, तर ते तसंच लोंबकळत राहतं. मादी राहायला आली की नर खालची नळी विणून घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो. अंडी ती एकटी उबवते. हा सगळा क्रम 1930च्या सुमारास सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला बसून पाहिला आणि लिहून ठेवला. विणणारा तो, पारखणारी ती. पावसाळा सरला की नराचा पिवळा रंगही उतरतो आणि दोघं चिमणीसारखी तपकिरी दिसतात. चिमणीत मात्र ओळख वर्षभर सोपी : गळ्याखाली काळा डाग, तो चिमणा. कावळ्यात नुसत्या डोळ्यांना काहीच फरक कळत नाही.

मग नक्की नियम कोणता? "पिल्लाला जन्म देते ती आई," असं मुलं म्हणतात. पण घोडामाशात मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते, आणि पिल्लं बाहेर पडतात ती नराच्या पिशवीतून. हे ऐकून मुलं थक्क होतात. तेव्हा मी त्यांना एकच नियम देतो : जिच्या शरीरात अंडी तयार होतात ती मादी, अंड्यातून पिल्लू घडायला लागणारं बीज ज्याच्या शरीरात तयार होतं तो नर. मोठी माणसं इथे उगाच अवघडतात, मुलं अवघडत नाहीत. उलट नियम लावून बघतात. चावणारा डास नेहमी मादीच असते, कारण अंडी तयार करायला तिला रक्त लागतं; नर फुलांच्या रसावर जगतो. सह्याद्रीत पावसाळ्यात मोठाली जाळी विणणारा जायंट वूड स्पायडर दिसतो. तळहाताएवढी पसरते ती मादी, आणि त्याच जाळ्याच्या कडेला असलेला चिमुकला कोळी तिचं पिल्लू नसून नर असतो.

कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे सोडताना तोच प्रश्न पुन्हा येतो. तिथे मी सरळ सांगतो, की पिल्लू बाहेरून बघून मला ओळखता येत नाही. कासवाच्या अंड्यात नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते : वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. म्हणून उन्हाळे कडक होत चालले की कासवं राखणाऱ्यांना घोर लागतो. अंडी फुटतीलही, पण त्यांतून नर किती निघतील?