एकाच वायफायवर

१. घरात माणसं पाच, संगणक तीन. माझ्याकडे विंडोज, मुलीकडे जुना मॅक, आणि मुलानं अडगळीतल्या डेस्कटॉपवर टाकलेलं लिनक्स मिंट. राउटर एकच.

२. वीजबिलाची पीडीएफ आतल्या खोलीतून हॉलमध्ये न्यायची होती. अंतर अकरा पावलं. व्हॉट्सअ‍ॅपनं गेली.

३. मुलगा म्हणाला, "बाबा, मिंटवर सांबा टाकू या. मग सगळ्यांना सगळं दिसेल." स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "सांबार नाही, आज आमटी आहे."

४. सांबाची जन्मकथा. कॅनबेरातला पीएचडीचा विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल. त्याला डॉसवाल्या पीसीवरून युनिक्सच्या मशीनवरच्या फाइल्स हव्या होत्या. पलीकडचा प्रोग्राम काय बोलतो याचं पुस्तक हाताशी नव्हतं. तेव्हा तारेवरून जाणारी पाकिटं पाहत, कशाला काय उत्तर येतं ते टिपत यानं आपला सर्व्हर लिहिला आणि १९९२च्या सुरुवातीला लोकांना देऊन टाकला. आधीचं नाव ट्रेडमार्कच्या भानगडीत सोडावं लागलं. नवं नाव शोधायला त्यानं शब्दकोशाच्या फाइलीतून एस, एम, बी (पाकिटांतल्या त्या भाषेचं नाव एसएमबी) ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द काढले. त्यांत 'सांबा' निघाला. आपल्याकडे बारशाला एवढी शिस्त नसते.

५. हीच भाषा मायक्रोसॉफ्टनं कागदावर द्यावी, असा निकाल युरोपीय आयोगानं २००४ साली दिला. सांबाच्या मंडळींच्या हाती कागद पडले डिसेंबर २००७मध्ये, दहा हजार युरो मोजून. तोवर पंधरा वर्षं त्यांचं ऐकून ऐकून चाललंच होतं.

६. सांबाचा पासवर्ड वेगळा. मिंटमध्ये शिरायचा वेगळा. वायफायचा वेगळा. घराला कुलूप मात्र एक, आणि त्याची किल्ली शेजारच्या काकूंकडे.

७. भाचीच्या लग्नाचं शूटिंग. फाइल सहा जीबीची, पेनड्राइव्ह बत्तीसचा, कोरा. तरी विंडोज म्हणतं, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२चा होता. त्यात फाइलचा आकार लिहायला जागाच एवढी, की ४,२९,४९,६७,२९५ बाइट्सच्या पुढचा आकडा मावत नाही. चार जीबीला एक बाइट कमी. वरात संपते तिथवर बसलं असतं.

८. फॅट३२ फाइल बदलल्याची वेळसुद्धा दोन-दोन सेकंदांनीच मोजतं. विषम सेकंद त्याच्या पंचांगात नाही.

९. उपाय सोपा: पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायचा. मॅक, विंडोज, लिनक्स, तिघांनाही चालतं. २००६चं आहे, लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं २०१९ला. फॉरमॅट करण्याआधी पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते बघायचं असतं. (माझ्या पेनड्राइव्हमध्ये साखरपुडा होता.)

१०. डेस्कटॉपवर मिंटशेजारी विंडोजही ठेवलंय. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंट मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेला लावतं. विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. रात्री एक वाजता मुलाच्या पडद्यावर साडेसात. त्यानं हे दुरुस्त करायची घाई केलेली नाही.

११. फाइलच्या नावात तारीख '१२/३' अशी लिहायची मुलीची सवय. मॅकच्या फाइंडरला ती तिरपी रेघ चालते, कोलन चालत नाही. लिनक्सला कोलन चालतो, रेघ नाही. विंडोजला दोन्ही चालत नाहीत. आता घरात तारखा आडव्या रेघेनं लिहितात. पहिला सर्वसंमत ठराव.

१२. झेरॉक्सवाल्याला मॅकवर भरलेला पेनड्राइव्ह दिला. बारा फाइल्स, त्याच्या पडद्यावर चोवीस. मॅकनं प्रत्येकीच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोअर लावून तिची एक सावली ठेवलेली. त्यानं नेमकी सावलीच उघडली. "साहेब, फाइल करप्ट आहे."

१३. इंग्रजी नावांत 'बिल'चा बी मोठा की बारीक, यावर लिनक्स दोन वेगळ्या फाइल्स धरतं. विंडोजला त्या एकच. मराठीत मोठी लिपी, बारीक लिपी नाही. म्हणून नावं मराठीत ठेवायची असं ठरलं.

१४. मॅकवरचं सगळं आरसिंकनं मिंटवर आणलं. (आरसिंकमागेही तोच ट्रिजेल.) फोल्डरमध्ये 'दुसऱ्या मजल्याचं भाडं' दोनदा. एक मॅकवरून आलेली, एक मी विंडोजवरून टाकलेली. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल्स? हे लिनक्सलाही मंजूर नाही. काना-मात्रा तपासल्या, शेवटी चुकून स्पेस पडली आहे का पाहिलं. अर्धा तास गेला. गोम 'ऱ्या'त होती. हा 'ऱ' युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचं आख्खं अक्षर आहे. शिवाय साधा र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही लिहिता येतो. मॅकची जुनी डिस्क नाव साठवताना तुकडे करते. विंडोज जसं टाइप केलं तसं ठेवतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आचार्यांना काय वाढायचं आणि आचाऱ्यांना काय सांगायचं, हा फरक शाळेत छड्या खाऊन शिकलो होतो. हा तिसरा प्रकार अभ्यासक्रमात नव्हता.

१५. दोन्ही फाइल्समधलं भाडं वेगळं निघालं. ती भानगड संगणकाची नाही.

१६. सोसायटीचं २००४चं इतिवृत्त मिंटवर उघडलं. फाइल पोचली, उघडली. आत रोमन अक्षरांची खिचडी. तेव्हाचा मराठी फॉन्ट रोमन अक्षरांना मराठी कपडे घालायचा. फॉन्ट नाही, कपडे नाहीत. अध्यक्ष कोण होते ते आईला विचारलं. तिला तोंडपाठ.

१७. विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये मिंट दिसत नाही. ही शेजाऱ्यांची यादी पूर्वी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधारानं बनायची. तिच्यातल्या भोकातून मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला, आणि त्याच वर्षाअखेर विंडोज १०च्या नव्या आवृत्तीपासून ती मुळातच बंद येऊ लागली. मात्र दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे राउटरनं मिंटला दिलेला पत्ता, १९२.१६८.१.७, असं हातानं लिहिलं की दार उघडतं.

१८. फ्रिजवरची यादी: गॅसवाला, प्लंबर, दूध, १९२.१६८.१.७.

१९. आईला लग्नाचे फोटो टीव्हीवर हवे होते. टीव्हीची सिस्टीम चौथीच. तिनं अल्बम काढला.

२०. रात्री लाइट गेली होती. सकाळी फ्रिजवर बायकोच्या अक्षरात ७ खोडून ४.