सोंगाची घटका

फाल्गुनात मोखाड्याच्या रात्रीला टेंभ्यांच्या जळक्या तेलाचा, पायांनी उडवलेल्या धुळीचा आणि रानातून वाऱ्याबरोबर उतरणाऱ्या मोहाच्या फुलांचा एकत्र वास असतो. होळी होऊन गेलेली असते, सूर्यमाळकडून येणारा गारवा पहाटे अजून अंगाला झोंबतो, आणि जगदंबेच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या सोंगांच्या या उत्सवात, संबळावर पहिली थाप पडली की रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटीवाटीने बसलेली माणसं, पेंगुळली पोरं मांडीवर घेतलेल्या बाया, खोडाळ्याकडून, जव्हारकडून, दूरच्या पाड्यांवरून आलेले म्हातारे, सगळे एकाच अंधाराकडे माना वळवतात. आणि त्या अंधारातून, टेंभ्यांच्या तांबूस, हलत्या उजेडात, आधी नुसती सोंड दिसते.

गणपती आला.

मग शारदा येते. मग एकामागून एक सोंगं येत राहतात. बावन्न सोंगं, असं जुनी माणसं म्हणतात. आग्या वेताळ, त्राटिका, भीम, नरसिंह, रावण. प्रत्येकाची चाल वेगळी आणि त्या चालीला संबळाचा ठेका वेगळा. डोळे मिटून बसलेला जाणता माणूस नुसत्या वाजण्यावरून सांगतो, आता कोण येतंय. पूर्वी हे मुखवटे लाकडात कोरायचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. पण रंग चढले, डोळ्यांच्या खाचांमागे जिवंत डोळे आले, की कागद उरत नाही. कुठे एखादं सोंग एकाच घरात पिढ्यान् पिढ्या चालत येतं, कुठे त्याच्यासाठी बोली लागते. ज्याने ते घेतलं, त्याच्या मानेवर त्या रात्रीपुरतं ते दैवत असतं, किंवा तो दैत्य.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्याचीही एक सोंगांची रात्र असते, दर शनिवारी, मित्राच्या खोलीत. डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र अंगावर घेतात, कुणी तलवारीचा फायटर, कुणी मंत्रांचा विझार्ड, आणि पुढे काय होणार ते अर्धं त्यांच्या धाडसावर अन् अर्धं फाशांवर. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी जगापुढे आणला, आणि तेव्हापासून त्याच्या आवृत्त्या निघत आल्या. पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक ऑगस्ट 2014 मध्ये आलं. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचा पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी माझ्या मनात त्या शेजारी शेजारी बसून राहिल्या आहेत.

मागच्या दिवाळीत भाचा ती जाडजूड पुस्तकं घेऊन आला आणि पडवीत पसरून बसला. ‘‘मामा, खरा वाद बळाचा आहे,’’ तो म्हणाला. कोणत्या आवृत्तीत कोण कोणाला भारी, कुठे तराजू सरळ, कुठे कलता. 1978 च्या पुस्तकातला जादूगार पहिल्या लेव्हलला अगदी कोवळा. त्याचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरायचा, फायटरचा दहा बाजूंच्या. दिवसाला एकच मंत्र. तो म्हणून झाला की हा राबावरच्या नागलीच्या रोपासारखा उघडा, कुणाचंही पाऊल पडावं असा. पण जगला, आवण झाली, पाऊस अंगावर घेतला, की पाचव्या लेव्हलला त्याच्या हातून फायरबॉल सुटायचा, आणि त्यानंतर फायटर दरवेळी एकेक पाऊल चढत असताना हा डोंगरच्या डोंगर ओलांडत जायचा. जुन्या पुस्तकात लेव्हल चढण्याचे हिशेबही वेगवेगळे होते. चोर भराभर चढे, जादूगाराला वाट पाहावी लागे. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच जिना दिला. जादूगाराची वाट पाहणं कमी झालं, बळ मात्र वाढतच राहिलं, आणि उंचावर पोचल्यावर तलवारवाल्याला करण्यासारखं फारसं काही उरेना. मग 2008 साली चौथी आवृत्ती आली आणि तिने सगळ्यांची ताकद एकाच मापाने मोजून वाटली: काही शक्ती केव्हाही वापरायच्या, काही प्रत्येक लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. फायटरलाही तसंच, विझार्डलाही तसंच.

तराजू सरळ झाला.

ती आवृत्ती लिहिणाऱ्यांची माया मला कळते. कुठल्याही टेबलाभोवती कुठलंही पोर रिकाम्या हाताने बसू नये, दुसऱ्याचे चमत्कार बघत नुसतं ताटकळू नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढं हवंसं वाटणं ही लहान गोष्ट नाही. तरीही भाच्याच्या बोलण्यात एक हुरहुर होती. सगळं बरोबर आहे मामा, म्हणाला, पण काहीतरी गेलं. काय गेलं ते त्याला सांगता येईना. पडवीतल्या दिव्याभोवती पाखरं फिरत होती आणि माझ्या कानात, का कोण जाणे, संबळ वाजायला लागला होता.

मला रावण आठवला.

पोथ्यांतला नव्हे. पोथ्यांतही बळाची वाटणी कुठे एकसारखी आहे? वाल्मीकींच्या मारुतीहून एकनाथांच्या भावार्थ रामायणातला मारुती किती निराळा. त्याची नुसती शेपटी रावणाच्या सभेत असा धुमाकूळ घालते की लंकेचा राजा हतबल होऊन बघत राहतो. मला आठवला तो आमच्या रस्त्यावरचा रावण. दहा तोंडांचा तो रुंद भार खांद्यांपलीकडे दोन्हीकडे पसरलेला, वारा आला की एका अंगाला ओढणारा, आणि त्याच्याखाली एक साधा, सडपातळ, दिवसभर रानात राबलेला माणूस, जो ठेक्यावर एक पाऊल पुढे टाकताना दहा तोंडांचं ओझं एका मानेवर तोलून धरतो. रामाचं सोंग हलकं असतं. ज्याला पुढे मरायचं आहे त्याचंच ओझं जास्त, आणि तो पावलं टाकत असतो तेवढा वेळ सगळा रस्ता त्याचा असतो, कडेची माणसं त्याच्यासाठी मागे सरकतात, पोरं आईच्या पदराआड जातात, आणि कुणाच्याही मनात हा हरणारा आहे असं येत नाही.

मग ठेका बदलतो. रावण अंधारात जातो.

छोटी सोंगं असतात, दोन गिरक्यांत संपणारी, हसवून जाणारी. त्यांना कुणी रावणाच्या पारड्यात टाकून तोलत नाही. संबळवाला त्यांच्यासाठीही तितक्याच मन लावून वाजवतो. आणि जिच्यासाठी हा सगळा जागर, ती जगदंबा सगळ्यांत शेवटी येते. रात्रभर इतरांनी रस्ता तुडवून तापवलेला असतो, टेंभ्यांचं तेल सरत आलेलं असतं, पूर्वेला फिकट रेघ उमटते, तेव्हा म्हैशासुर समोर उभा राहतो आणि ती त्याच्यावर चालून जाते. संध्याकाळी आठ वाजता आली असती तर ती एवढी मोठी वाटली असती का? मला नाही वाटत. तिच्या बळात गणपतीपासूनची सगळी रात्र मिसळलेली असते, जागरणाने लाल झालेले आमचे डोळेसुद्धा.

भाच्याला मी त्या दिवाळीत एवढंच सांगितलं, की तुझ्या त्या जुन्या जादूगाराजवळ ही रात्र होती. चार बाजूंच्या फाशाएवढा जीव घेऊन तो इतरांच्या ढालीमागे चालत होता, आणि त्याला चालवणाऱ्यांना ठाऊक होतं की याची घटका पुढे आहे. हे वाट पाहणं सगळ्यांना झेपत नाही, आणि पुढे तलवारवाल्याच्या वाट्याला पहाटच येऊ नये हा जुन्या पुस्तकांचा दोष मी नाकारत नाही. तोही सोंग घेऊन आलेला असतो. त्यालाही एक ठेका हवा.

भाचा बराच वेळ गप्प बसला, मग पुस्तकं आवरून पिशवीत भरली. पुण्याला जाऊन त्यांनी 1978 च्याच नियमांनी नवा खेळ मांडला. तो स्वतः जादूगार झाला. अधूनमधून फोन यायचा: अजून जिवंत आहे मामा, आज दाराआड लपलो, आज एकच मंत्र होता तोही चुकला. पावसाळा लागता लागता एका शनिवारी मध्यरात्रीनंतर फोन वाजला. मागे इतका गलका, की मला आधी काही कळेना. पाचवी लेव्हल, पहिला फायरबॉल, गुहेतले सगळे शत्रू एका क्षणात खाक, फायटरला तलवार उपसायलाही कुणी उरलं नाही. ‘‘आणि ऐक,’’ भाचा ओरडून सांगत होता, ‘‘हा जो मागे नाचतोय ना, तोच आमचा फायटर!’’