अडलेली गोष्ट

पुतणीने हट्टच धरला, "काका, मला एक रहस्यकथा लिहून द्या, पण ती तीनशे वर्षांनंतरची हवी!"

मी लिहायला बसलो. स्थळ आमचेच वडगाव मावळ, साल २३२५. गावात अडीचशे वर्षांचे एक आजोबा राहतात. शास्त्रज्ञांनी त्यांची जनुके अशी काही बदलली आहेत, की म्हातारपण त्यांच्या वाटेलाच जात नाही. आणि एके सकाळी ते मृतावस्थेत आढळतात! रोगाने मरणे अशक्य. म्हणजे हा खूनच. पण तो केला कोणी? आणि कशासाठी? इथे माझी लेखणी अडली, ती चार दिवस पुढे सरकेना.

कल्पना अगदीच निराधार नव्हती. एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या एकाच जनुकात बदल झाला, तर त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक होते, असे अमेरिकेतील सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिले. माणसाचे गणित इतके सोपे नाही. पण गोष्टीला एवढा आधार पुरे होता.

अखेर कंटाळून मी आत्याच्या शेतावर गेलो. पावसाची रिपरिप चालली होती. खाचरात इंद्रायणी भाताची लावणी सुरू होती. हा वाण वडगावच्याच कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला. आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ या दोन वाणांच्या संकरातून तो जन्मला. इथे कोणी जनुकांची कापाकापी केली नव्हती. दोन वाणांचे गुण एका रोपात आणले होते, इतकेच.

ऐंशी वर्षांची आत्या इरले घेऊन बांधावर बसली होती. मी तिला माझी अडचण सांगितली. ती हसून म्हणाली, "खुनी सापडत नाही होय? अरे, तुझा म्हातारा अडीचशे वर्षं कारभार धरून बसला. त्याच्या पणतवाच्या हाती हे खाचर कधी आलं, ते लिहिलंस का?"

मी चमकलो. दीडशे वर्षांचा पणतू. पण घरात अजून 'पोर'च! खुनाचे कारण सापडले होते. पण मन काही प्रसन्न होईना.

"मग आत्या, माणसानं फार जगूच नये का?"

"असं कसं म्हणू? माझी सासू तिशीत गेली. नातवंड दिसलं नाही तिला. जगावं बाबा, खुशाल जगावं."

तिचे खरेच होते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होते. आज ते ७०च्या घरात आहे. लसी, औषधे आणि स्वच्छ पाणी यांनी दिलेली ही वर्षे कोण नाकारील?

इतक्यात आत्याचे लक्ष खाचराकडे गेले. तिची नात रोपे फार खोल खोचत होती. आत्या लगबगीने उठू लागली. मग थांबली आणि पुन्हा बांधावर बसली.

"शिकेल ती," ती हळूच म्हणाली. "खाचर आता तिचं आहे."

त्या रात्री मी गोष्ट पुरी केली. माझ्या आजोबांनी आदल्याच दिवशी शेताचा कारभार पणतवाच्या हाती सोपवला, आणि सकाळी ते बांधावर बसून चहा पिऊ लागले.

गोष्ट वाचून पुतणी हिरमुसली. "काका, यात खूनच नाही!"

मी म्हणालो, "तो टळला कसा, हेच तर रहस्य!"