शहराचं पाणी कालव्यात घ्यायचं का? सुनावणीतलं थोडं

शहराचं सांडपाणी शुद्ध करून आपल्या कालव्यात सोडायचा प्रस्ताव आहे. त्यावर हरकती-सूचना घ्यायला परवा बैठक झाली. बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, म्हणून सगळ्यांसाठी इथंच लिहितो.

बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "साहेब, हे पाणी तुम्ही पिऊन दाखवता का?" टाळ्या पडल्या. मला काही हा प्रश्न पटला नाही. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरात २९ जुलै २००६ ला अशाच पाण्यावर मतदान झालं आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी नको म्हणलं. पण तिथं ते पाणी पिण्याच्या धरणात मिसळायचं होतं, म्हणून तिथं हा प्रश्न बरोबर होता. आपल्याला ते उसाला, कांद्याला द्यायचंय. वास गेला, पाणी नितळ झालं की साहेब मोकळे. विरघळलेलं मीठ मात्र साध्या प्रक्रियेत निघत नाही. त्याला आरओ लागतो, आणि कालव्याएवढ्या पाण्याला आरओ कोण लावतंय?

आता हिशोब बघा. एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे साधारण २ लाख ४० हजार लिटर पाणी. त्याचा ईसी १.५ धरला तर लिटरमागं जवळपास एक ग्रॅम क्षार. म्हणजे एका पाळीला २३० किलोच्या आसपास. दहा पाळ्यांत सव्वादोन टनांच्या वर, पन्नास किलोच्या ४६ गोण्या! मुरमाड रानात पावसानं बरंच धुऊन जाईल. आपल्या काळ्या, निचरा नसलेल्या रानात ते जाणार कुठं? सोबत सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण व्हायला लागते. म्हणून नुसता ईसी विचारू नका, एसएआर पण विचारा.

फायदा नाही असं नाही. लिटरला २० मिलिग्रॅम नत्र धरलं तर एका पाळीत एकराला पाच किलोच्या जवळ नत्र फुकट मिळतं, दहा पाळ्यांत युरियाच्या दोन गोण्यांहून जास्त. फक्त हे नत्र आपल्या वेळापत्रकानं येत नाही. ऊस पक्व होताना पण ते येतच राहणार, मग उतारा घसरला की कारखान्यावर बोट दाखवू नका. कोथिंबीर, मेथी, काकडीवाल्यांचं दुखणं अजून वेगळं. कच्चं खाल्लं जाणाऱ्या मालासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्ये मर्यादा दिली होती: १०० मिलिलिटरमध्ये १००० पर्यंत विष्ठेतले कोलिफॉर्म, आणि लिटरला जास्तीत जास्त एक जंताचं अंडं. हे आकडे मी बैठकीत वाचून दाखवले. "नोंद घेतो" म्हणाले.

पण खरी मेख पुढंय. हे पाणी वाढीव मिळणार का बदली? कोलारमध्ये बंगळूरचं पाणी २०१८ पासून तलावांत यायला लागलं. त्यावर फेस आला, प्रकरण कोर्टात गेलं, सगळं झालं. तरी ते पाणी वाढीव होतं, कारण कोलारला कालव्याचं पाणी मुळात नव्हतंच. पुण्याचं गणित वेगळं. मुंढव्यातून शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी पाणी दरवर्षी बेबी कालव्यात द्यायचं आणि शहरानं खडकवासल्याचं पाणी वापरायचं, असं ठरलं. म्हणजे देवाणघेवाण. आपल्या प्रस्तावात "पूरक सिंचन" एवढाच शब्द आहे. धरणाची आवर्तनं तेवढीच राहतील, हे वाक्य कुठंच नाही. ते लेखी आल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि तुम्ही पण घाई करू नका. शहरातल्या कारखान्यांचं पाणी त्याच गटारात येतं का, हे पण त्याच अर्जात विचारा.

लेखी हरकतींना अजून आठ दिवस आहेत. त्याआधी आपापल्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर तारीख आणि गट नंबर लिहा. उद्या विहीर खारावली तर आधी ती कशी होती, याचा कागद आपल्याकडं पाहिजे. माझ्या विहिरीचा ईसी ०.८ आलाय. तुमचा किती येतो ते खाली लिहा, सगळ्यांचे आकडे एकत्र करून अर्जाला जोडतो.