धुळ्याचे नाव, जळगावचे तिकीट

जळगावहून धुळ्याकडे निघाले की एरंडोलनंतर पारोळा लागते. झाशीच्या नेवाळकर घराण्याचे या गावाशी जुने नाते. त्या घराण्यात मणिकर्णिका तांबे लक्ष्मीबाई होऊन आली. ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहिले की काम भागे, असा तो काळ होता. आज त्याच रस्त्याने माहेरी जाणाऱ्या सुनेच्या पर्समध्ये विवाह नोंदणीचा दाखला असतो.

जळगावच्या एका व्यापारी घराने दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची ११ तिकिटे काढली. जहाजावर जैन भोजन मिळते का, याची चौकशी आधी झाली. नावे मात्र मुनीमजींनी तोंडपाठ सांगितली. त्यामुळे धाकट्या सुनेच्या तिकिटावर नाव सासरचे आणि आधार कार्डावर धुळ्याचे. आपल्याकडे लग्नाने केवळ आडनाव बदलत नाही. मधले वडिलांचे नावही जाते. तीन शब्दांपैकी एकच जुळत होता.

जहाजावर चढण्यापूर्वी विमानतळासारखीच ओळख तपासली जाते. देशांतर्गत फेरीला आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. तिकिटावरचे नाव मात्र त्याबरहुकूम हवे. लग्नपत्रिका तेथे कामाची नाही.

सासूबाईंचे म्हणणे, आधारच बदलून घ्यावे. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर ते होतेही. परंतु आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि एका बदलापाठोपाठ पॅन, बँक, डीमॅट, पासपोर्ट अशी रांग लागते. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, मुदत शिल्लक असलेला. उद्या परदेशी बंदरांची सफर ठरली तरी तिकीट त्याच नावाने काढले की तो चालतो. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे, असा कायदा नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये विवाहित स्त्रीला मिळकतीच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याचीही मुभा दिली. ज्या घरात दुकाने व शेती सुनांच्या नावे केली जाते, तेथे ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

सासरे हिशेबी गृहस्थ. माल आणि बिल जुळत नसेल तर बिल दुरुस्त करतात, माल नव्हे, एवढेच ते बोलले. मुनीमजींनी त्याच दिवशी तिकिटावरचे नाव बदलून घेतले.

मुंबईच्या धक्क्यावर नाव पुकारले गेले, तेव्हा सासूबाई ही कोण बाई म्हणून मागे वळून पाहू लागल्या. सून पुढे झाली.